पायलटच्या खुर्चीचा पत्रा

जर्मनच्या ताटात मला आजूनबी जेवान जात न्हाई. आमच्याकडं अल्मिनमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणत्यात. पंगतीत कुनी तसलं ताट पुढं सरकवलं का मी म्हणतो, पोट बिघडलंय, पत्रावळ असंल तर द्या. लोकं म्हणत्यात, म्हाताऱ्याची मिजास बघा, शाळंची पायरी चढला न्हाई आन् ताटाला नावं ठिवतोय. ठिवीना का. केळीच्या पानावर वाढा, हातावर वाढा, फकस्त त्यो पांढरा, हलका, बोटाला काळं लावनारा पत्रा माज्या तोंडाजवळ आनू नका. का ते सांगतो. सांगताना मधीच थुकायला उठलो तर जरा दम धरा.

मी कुरुळीचा. लढाई संपून सात-आठ वर्सं झाली व्हती. घरी शेत व्हतं, पर शेतात माजा उपेग न्हाई हे बैलाला माज्याआधी कळलं व्हतं. मी औताला हात लावला का त्यो मान वळवून बा कुठं हाय ते बघायचा. शेवटी बा म्हणला, "तुज्या अंगात एकच अवयव कामाचा हाय, जीभ. ती जिथं इकली जाईल तिथं जा."

इकली गेली पिंपरीला. तिथं कॅम्पात निर्वासितांची दुकानं नवी नवी उभी राहिली व्हती. एका शेठचा भंगाराचा धंदा व्हता. मानूस सारं घरदार टाकून आलेला, त्यामुळं टाकून दिलेल्या वस्तूत काय असतं ते त्याला बरोबर दिसायचं. त्यानं लष्कराच्या लिलावात लढाईतली मोडकी इमानं घेतली व्हती. इमानं म्हंजी आख्खी न्हवं. पंख, शेपट्या, पोटाचे तुकडे, असं कापून लॉरीनं यायचं आन् शेडमागं ढीग पडायचा. लष्कराचं दुसरंबी मोडकं सामान त्यातच. बरंचसं वितळवून भांडी करनाऱ्यांकडं जायचं. पर शेठच्या ध्यानात आलं का इमानाचं पातेलं झालं का ते पातेलंच, आन् इमानाचं लहान इमान केलं तर त्याची आठवन व्हती. आठवनीला गिऱ्हाईक जास्त.

मंग आमी आठवनी करायला लागलो. टेबलावर ठिवायचं टीचभर इमान, सिग्रेटची राख झाडायची वाटी, पाकीट फाडायची सुरी, किल्ल्यांचं कडं. घडवायचं काम एका चाचाकडं. चाचा तिथलाच, आधी मोटारी दुरुस्त करायचा, बोलायचा कमी. हात असा का पत्र्याला त्यानं नुसतं गोंजारलं तरी पत्रा वाकायचा. आन् इकायचं काम माज्याकडं. घ्यायला कोन यायचं? नवा कारखाना उभा करायला परदेशी साहेब आलेले, त्यांच्या मडमा, आन् पुन्याची हौशी मंडळी. त्यातल्या एकाच्या घरी म्हणं काचंचं कपाट व्हतं, त्यात लढाईच्या वस्तू मांडल्यात्या. आमच्याकडं बायका देवघरात देव मांडत्यात तशा.

आता माजं कर्तृत्व ऐका. एकदा एका मडमंनं वाटी उचलली, फिरवली, खाली ठिवली. शेजारी एक वाटी व्हती तिला पत्रे जोडायचं रिबीट उपटलेलं भोक पडलेलं. ती मी बाजूला काढीत व्हतो, तर मडमंनं बोट केलं, हे काय? मला कुठं इंग्रजी येतंय. मी दोन बोटांची बंदूक केली, तोंडानं आवाज काढला, आन् छातीवर हात धरून मागं कोलमडलो. मडम गपकन घाबरली, मंग तीच भोकाची वाटी छातीशी धरून घिऊन गेली. राख झाडायच्या वाटीला भोक. राख खाली पडनार. तरी नेली.

दुसऱ्या दिसापासनं मी खिळा-हातोडी घिऊन बसलो. चाचा करायचा आन् मी भोक पाडायचो. चाचानं एकदा बघितलं. म्हणला, "अच्छे माल को खराब करके बेचता है. तेरे को नींद आती है?"

"लई गाढ येती, चाचा."

खरंच यायची. ते काचंच्या कपाटवाले गृहस्थ एकदा आले. दोन भोकांचं न्हाई का म्हणले. मी म्हणलं, उद्या या. मंग त्यांनी हळूच इचारलं, "ह्या विमानात कुणी गेलं होतं का?"

"तिघं," मी म्हणलं.

त्यांच्या तोंडावर अशी चमक आली, जसं ताटात कुनी तूप वाढलं. "मग हेच द्या," म्हणले. त्या चमकंची किळस मला यायला पायजे व्हती. मला काय वाटलं? मला वाटलं, चुकलं, पाच म्हणायला पायजे व्हतं.

असा मी. आता माज्या चुलतीचं ऐका.

ही माजी चुलत चुलती, मी तिला काकू म्हणायचो. आमच्या आळीत तिसरं घर. नवरा लवकर गेलेला, एकच ल्योक, माज्याच वयाचा. लढाईच्या वक्ताला आमी दोघं संगंच भरतीला गेलतो. डॉक्टर म्हणला, कापडं काढा. त्यो काढून उभा राहिला. मी धोतर काखंत मारून मागच्या दारानं पळालो आन् कुरुळीच्या शिवंत आल्यावरच नेसलो. त्यो गेला ब्रह्मदेशाकडं, इमानात माल चढवायच्या कामावर. एक दिस मालासंगं त्योबी आत व्हता आन् इमान डोंगरात पडलं. घरी कागद आला. हाड न्हाई, बटन न्हाई, नुसता कागद. मास्तरांनी वाचून दावला.

आमच्यात असा जवान, बिनलग्नाचा गेला का त्याचा वीर बसवायचा. म्हंजी चांदीच्या न्हाईतर पितळंच्या पत्र्यावर ठोकून घोडेस्वार काढायचा, बोटभर टाक, आन् देव्हाऱ्यात देवांसंगं ठिवायचा. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, त्याला खोबऱ्याच्या वाटीत बसवून वाजतगाजत इहिरीवर न्यायचा, न्हाऊ घालायचा, परत आनायचा. त्याला जागा मिळाली का मंग त्यो घर राखतो. न्हाई मिळाली तर भटकत ऱ्हातो. काकूनं बसवला न्हवता. सोनाराकडं चांदी हाय, ती म्हणायची, पर माजं काय हाय त्या चांदीत? त्याच्या अंगाला लागलेलं कायतरी पायजे. ते मिळंस्तवर ती गोड खाणार न्हाई असं तिनं म्हणून ठिवलं व्हतं. गूळ न्हाई, पुरनपोळी न्हाई. दर होळीला आळीभर पुरनाचा वास सुटायचा आन् काकू दारात बसून भाकरी आन् चटनी खायची. धा वर्सं झाली.

त्या साली माघात ती कांद्याच्या गाडीवर बसून पिंपरीला आली. दुकानाम्होरं उतरली, पदरानं तोंड पुसलं, मला हुडकून काढलं.

"तुज्याकडं इमानाचा पत्रा इकत्यात म्हणं?"

"व्हय काकू."

"लढाईतल्या?"

"लढाईतल्याच."

तिनं टेबलावरची वाटी उचलली, भोकात करंगळी घातली. "हे काय रं?"

मला पटकन काय सुचंना. जन्मात पयल्यांदा. मी म्हणलं, "उंदरानं खाल्लं."

"लोखंड खातो व्हय तुजा उंदीर?" ती म्हणली. मंग वाटी ठिवली आन् म्हणली, "बाबा, त्याचंच इमान मिळंल असं मी म्हणत न्हाई. एवढी मी येडी न्हाई. पर त्या लढाईतलं, तसलं, मान्साला आभाळात घिऊन गेलेलं असंल तर एक टीचभर दे. सोनाराकडं नगं. तू घडव. तू त्याच्या संगतीचा."

संगतीचा. धोतर काखंत धरून पळनारा.

मी तवा एक गोष्ट ठरवली. हिला लबाडी करायची न्हाई. खिळ्याचं भोक न्हाई, पातेल्याचा तुकडा न्हाई. खरा पत्रा, आन् त्यातबी चांगल्यातला चांगला. सगळ्या जन्मात मी एकदाच इमानदारी करायला निघालो, आन् त्याचं काय झालं ते बघा.

चाचा तवा भावाच्या घरी लग्नाला गेलता. मी इमानाच्या पंखाचा तुकडा घेतला आन् ठोकायला बसलो. दोन ठोक्यांत चिरला. दुसरा घेतला, त्योबी चिरला. इमानाचा पत्रा तसलाच असतो, कडक, ताठ, मारलं का फुटनारा. चाचाला त्याची युगत म्हाईत व्हती, मला न्हवती. मंग मी ढिगावर चढलो आन् हुडकायला लागलो. हुडकता हुडकता एक तुकडा घावला. अर्धगोल, गुळगुळीत, काठाला आतून दुमडलेली छान गोलवी. एका बाजूला गोल ठसा, गोलात फुली. हातात घेतला तर जड, न् वाकवला तर मेणावानी वाकला. मी बघितला, फिरवला, डोस्कं चालवलं. ह्यो आकार बसायचा हाय. मानूस बसंल असा. इमानात कोन बसतं? पायलट. मंग ही पायलटची खुर्ची!

आता सांगा, बाकी सगळं इमान ताठ आन् हाच तुकडा मऊ का, एवढं तरी इचारावं का न्हाई? मी इचारलं. सोताच उत्तर दिलं, बसायची जागा मऊच असनार.

तीन दिस बसून मी वीर ठोकला. घोडा जरा गाढवावानी झाला, पर स्वार बरा झाला. नाक त्याचं आलं. आमच्या भावकीचंच नाक हाय म्हणा, खाली बसकं, ते कुनालाबी येतं. गोलवीचा काठ घोड्याच्या पायाखाली जमीन म्हणून ऱ्हाऊ दिला. आन् त्यो गोल ठसा? टाकावर वरच्या अंगाला चंद्र-सूर्य असत्यात. म्या म्हणलं, ठसा हाय तर हाच सूर्य. हाच इमानाचा खरेपना. त्याला हात लावला न्हाई.

होळीला काकूनं वीर बसवला. आख्खी आळी जमली. धुळवडीला हलगी वाजवीत इहिरीवर नेला. काकूनं त्याला हळद लावली, दुधानं धुतला, पदरानं पुसला, कपाळाला लावला. गर्दीत कुनी इचारलं, "कशाचा हाय?" तर मी, ज्याचं तोंड कवा मिटत न्हाई त्यो मी, छाती काढून म्हणलो, "पायलटच्या खुर्चीचा पत्रा हाय. साधासुधा न्हवं." लोकांनी माना हलवल्या. मला फेटा बांधला. घरी आल्यावर काकूनं वीराला निवद दावला आन् त्या ताटातली पोळी मोडून आधी माज्या तोंडात घातली, मंग आपल्या. धा वर्सांनी गोड खाल्लं तिनं. मी चार पोळ्या हाणल्या आन् वर दूध मागितलं.

त्या वर्साचा उन्हाळा. एक साहेब क्यामेरा घिऊन दुकानात आला. त्याला इमानाच्या पंखाजवळ मानूस पायजे व्हता. पंख शेडाला टेकवून उभा केलेला. साहेबानं हातानं दावलं, बाजूला उभा ऱ्हा. मी म्हणलं, बाजूला काय उभं ऱ्हायचं, वर चढतो. चढलो. सलाम ठोकला. पंख घसरला आन् मी आन् त्यो संगंच खाली आलो. मांडीचं हाड मोडलं. साहेबानं फोटू काढला का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. काढला असंल तर कुठल्यातरी कपाटात मी उडताना असंन.

पुन्याला दवाखान्यात टाकलं. कंबरंपासनं घोट्यापतूर पलस्तर, पाय वर टांगलेला. दोन दिस मी सगळं धरून ठिवलं. तिसऱ्या दिवशी धरवंना. वार्डात काम करनाऱ्या मान्साला सगळे मामा म्हणायचे. मामा आला, एका हातानं मला उचलला आन् दुसऱ्या हातानं बुडाखाली भांडं सरकवलं.

थंडगार लागलं. मी हात मागं नेला, नीट बसतंय का बघायला. आन् बोटाला काठ लागला. आतून दुमडलेली गोलवी.

मान्साचं डोळं फसत्यात, बोट फसत न्हाई. तीन दिस मी त्या गोलवीवरनं बोट फिरवलं व्हतं. माज्या पोटात जे व्हतं ते तिथंच थांबलं.

"मामा," मी म्हणलं, "हे काढा. मला बघायचंय."

"आरं, झालं न्हाई अजून."

"काढा म्हणतो."

मामानं काढलं. मी ते हातात घेतलं, उलटं केलं. गोल ठसा. गोलात फुली. माजा सूर्य.

"मामा, हे इमानातलं हाय का?"

मामानं माज्याकडं बघितलं, मंग शेजारच्या खाटंकडं बघितलं. "ऐकलं का? ह्याला इमानात बसायचंय. बस बाबा, बस, पर उडू नगं, चादरी मी धुतो." वार्डभर हसू पिकलं. मंग मामा म्हणला, "लष्कराच्या दवाखान्यातली जुनी भांडी हायेत. त्यांची मोडली ती भंगारात गेली, धड व्हती ती आमच्याकडं आली."

मोडली ती कुठं गेली ते मी मामाला सांगितलं न्हाई.

दीड महिना मी त्या खाटंवर व्हतो. रोज मामा यायचा आन् रोज माज्या बुडाखाली काकूच्या ल्योकाचा भाऊबंद सरकवायचा. मला सगळं आठवायचं. दुधानं धुतला. कपाळाला लावला. निवद त्याच्याम्होरं ठिवला, त्या ताटातली पोळी माज्या तोंडात. किती जनांनी काय काय केलं असंल त्या भांड्यात, कसले कसले रोगी. आन् त्यातनं त्यो घोड्यावर बसून आला, माज्या हातानं. दवाखान्यात जेवानबी जर्मनच्याच ताटात. ताटलीचा काठ ओठाला लागला का मला उमासा यायचा. मामा म्हणायचा, "खात न्हाईस ते बरंय, माजं काम कमी."

घरी आलो ते काठी टेकत. काकू त्याच दिवशी आली, पुरनाचे कडबू घिऊन. वर्सभर आता ती गोड करायची, धा वर्सांचं राहिलेलं भरून काढायची. म्हणली, "तू पडलास तवा मी वीराला हात जोडले. म्हणलं, तुजा संगती हाय, त्याला राख. त्यानं राखला बघ." मी कडबू तोंडात घातला आन् तसाच परसात जाऊन ओकलो. काकूला वाटलं दवाखान्याचं आवशीद बाधलं.

सांगावं का न्हाई? महिनाभर मी त्यात घातला. सांगितलं तर तिचा ल्योक पुन्यांदा भटकायला लागनार, आन् ह्या खेपंला भंगारातनं. न्हाई सांगितलं तर ती रोज सकाळी उठून कशाला नाक लावती ते मला म्हाईत. शेवटी एका दुपारी गेलो. ती देव्हाऱ्याम्होरं वाती वळीत बसली व्हती.

"काकू, त्यो वीर इमानाचा न्हाई."

"मंग कशाचा?"

"दवाखान्यातलं भांडं असतं. आजाऱ्याच्या बुडाखाली घालत्यात, परसाकडंला. त्याचा हाय."

काकूनं वाती खाली ठिवल्या. माज्याकडं बघितलं. मला वाटलं आता ही बोंब मारनार, का कपाळ बडवून घेनार. ती हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतनं पानी येऊस्तवर हसली. ल्योक गेल्यावर मी तिला हसताना बघितलं न्हवतं.

"मेल्या," ती म्हणली, "तुज्या तोंडाला हाड न्हाई ते न्हाई. देवाम्होरं तरी बरं बोल. दीड महिना भांड्यावर बसून तुला सगळीकडं भांडंच दिसायला लागलं."

"काकू, आईच्यान खरं सांगतोय."

"तुजी आई हयात व्हती तवाबी तू तिच्या शपता खायचास."

हे खरं व्हतं. तीस वर्सं मी गावाला हसवलं व्हतं. माजा बा वारला तवा मी निरोप घिऊन गेलो तरी दोन घरांनी इचारलं, खरंच का गंमत? आता जे खरं ते माज्या तोंडातनं बाहेर पडलं का वाटंतच त्याची गंमत व्हायची.

मी पिंपरीला गेलो. चाचाला सगळं सांगितलं. चाचा माज्या बोलण्याला कवा हसला न्हाई, तवाबी न्हाई हसला. मंग उठला आन् ढिगातनं पंखाचा तुकडा काढला, रिबिटाच्या रांगंचा, वरचा हिरवा रंग आजून उडालेला न्हाई असा. म्हणला, "ये असली है. मैं नहीं बनाऊंगा. तेरा गुनाह, तू बना."

मंग त्यानं मला ती युगत दावली. पत्र्याला अंगाचा साबन चोळायचा आन् इस्तवावर धरायचा. साबन काळा पडला का उतरवायचा, पान्यात बुडवायचा, आन् लगीच ठोकायचा, जरा वेळ गेला का परत ताठ व्हतो. किती साबन काळा केला, किती पत्रे चिरले, त्याचा हिशेब चाचालाच ठाऊक. होळीच्या आधी कसाबसा एक वीर झाला. खरा. लढाईतल्या इमानाच्या पंखाचा, आभाळात फिरून आलेल्याचा. फकस्त घोड्याच्या मानंपासनं स्वाराच्या गालापतूर एक चीर गेली. केसावानी.

घिऊन गेलो. ह्या खेपंला नीट ठरवून गेलो व्हतो, भांड्याचं नाव काढायचं न्हाई. म्हणलं, "काकू, ह्यो बघ. चाचानं पारखून दिलेला पत्रा हाय. पयला मी नवशिक्या हातानं केलता. ह्यो बसव आन् त्यो मला दे."

काकूनं त्यो घेतला. तिला आता कमी दिसायचं, म्हणून ती बोटानं बघायची. बोट घोड्यावरनं फिरवलं, स्वारावरनं फिरवलं, गालावरच्या चिरंवर आलं आन् तिथं थांबलं.

"ह्यो माजा न्हाई," ती म्हणली.

"काकू, ह्योच खरा हाय. चाचाला इचार."

"मागल्या होळीला म्हणलास त्यो खरा. मधी म्हणलास त्यो भांड्याचा. आता म्हणतूस ह्यो खरा. तुज्या खऱ्याला किती तोंडं रं?" ती रागावली न्हवती. तिनं देव्हाऱ्यातला वीर उचलला, मांडीवर घेतला आन् अंगठ्यानं त्याच्या डोस्क्यावरचा सूर्य पुसला. पुसून पुसून ती गोलातली फुली झिजत आलती. "वर्सभर मी ह्याला न्हाऊ घातलं. ह्याच्याशी बोलले. ह्याच्या संगं गोड खाल्लं. आता तू म्हणतूस, दे आन् दुसरा घे. पोर बदलून मिळतं व्हय रं बाजारात?"

जीभ हाय का न्हाई ते तोंडात चाचपून बघितलं.

मी उठायला लागलो तशी ती म्हणली, "थांब. मेहनत घेतलीस. पत्रा चांगला ताठ हाय, टाकून कशाला देतूस?" तिनं माजा खरा वीर घेतला, उपडा केला, देव्हाऱ्यात आडवा ठिवला, आन् त्याच्यावर भांड्याचा वीर उभा केला. हलवून बघितला. "ह्याला बुडाखाली पाट न्हवता. कलत व्हता. आता बसला बघ."

तसाच त्यो बसला. काकू गेली तवर तसाच व्हता, आन् आता तिच्या सख्ख्या पुतन्याच्या घरी तसाच हाय. दर धुळवडीला मला मानानं बोलावत्यात, वीर घडवनारा म्हणून. सगळे हात जोडून पाया पडत्यात. मी आडवा व्हतो, पार गाल जमिनीला टेकवतो. त्यांना वाटतं म्हाताऱ्याची लई भक्ती. मी बघत असतो खालच्या पत्र्याकडं, त्याची एक हिरवी कड दिसती. जे बुडाखाली जायचं ते वर बसून निवद खातंय, आन् जे आभाळात गेलतं ते त्याच्या बुडाखाली उपडं पडलंय. पाया पडतो, उठतो, आन् परसात जाऊन थुकतो. मंग ते मला जेवायला बसवत्यात, आन् मी म्हणतो, पत्रावळ असंल तर द्या.